आजीसाठी कोडी लावताना: स्किनच्या आधी पाहायच्या गोष्टी

डिचोलीच्या एका वाचकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी घरी रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर लिब्रेएलेक ही प्रणाली आणि त्यात कोडी हे टीव्हीवर चित्रपट-संगीत लावायचे सॉफ्टवेअर बसवले, २ टेराबाइटच्या डिस्कवर चित्रपट, व्हीएचएस कॅसेटींवरून उतरवून घेतलेली घरगुती चित्रणे, नाट्यसंगीत आणि भजने भरली, आणि तीन महिन्यांत तीन निरनिराळ्या स्किन लावून पाहिल्या. तरीही आई, बाबा आणि आजी दोन दिवस कौतुकाने बघतात आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा केबलकडे वळतात. 'या मंडळींसाठी सगळ्यांत सोपी स्किन कोणती, की कोडी सोडून जेलिफिन लावू?' असे त्यांनी विचारले आहे. (जेलिफिन हे त्याच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर.)

मी फोंड्यात राहतो आणि गेली बारा-तेरा वर्षे घरोघरी अशा यंत्रणा बसवून देतो. त्या अनुभवावरून सांगतो की तीन स्किन बदलूनही परिणाम तोच राहिला, यातच तुमच्या उत्तराचा बराचसा भाग आलेला आहे. कोडीत स्किन म्हणजे पडद्यावर कुठे काय दिसावे हे सांगणाऱ्या एक्सएमएल फायलींचा संच. बटण दाबल्यावर काय घडते ते मुख्यतः कीमॅप ठरवतो, आणि चित्रफितीला कोणते नाव व कोणते चित्र लागते ते स्क्रॅपर (माहिती शोधून आणणारा भाग) आणि लायब्ररी (कोडीची नोंदवही) ठरवतात. तुमच्या घरच्यांची अडचण या दुसऱ्या आणि तिसऱ्या ठिकाणी असेल, तर भिंतींना कितीही वेळा रंग दिला तरी दार जिथे अडते तिथेच अडत राहील. तुमचे घर मी पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सारे तुम्हाला जसेच्या तसे लागू पडेल असा माझा दावा नाही. टीव्हीचे रिमोट कसे आहे, आजींना वाचता कितपत येते आणि दिसते कितपत, घरात पडदे किती आहेत, यांवर बरेच अवलंबून आहे.

परतीच्या वाटेपासून सुरुवात करतो, कारण माझ्या मते निम्मी घरे इथेच हातची जातात. काही वर्षांपूर्वी म्हार्दोळला एका घरी सगळे नीट लावून दिले आणि आठवड्याने चौकशीला गेलो, तर यंत्राची वायर काढून ठेवलेली. घरातल्या वयस्क बाईंना मी म्हटले, माझ्यासमोर एकदा लावून दाखवा. त्यांनी चित्रपट बरोबर लावला, थोडा वेळ पाहिला, आणि नंतर रिमोटवरचे बॅक दाबले. पडदा यादीवर आला, पण चित्रपट मागे चालूच राहिला आणि त्याचा आवाजही चालू राहिला. त्यांनी पुन्हा बॅक दाबले, यादी आणखी एक पायरी मागे गेली, आवाज होताच. तिसऱ्यांदा दाबल्यावर मुख्य पडदा आला आणि आवाज तरीही थांबेना. तेव्हा माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, 'भायर कशें सरप, तें सांग पळोवया.' (बाहेर कसे पडायचे ते सांग बघू.) त्यानंतर उठून त्यांनी भिंतीवरचा स्विच बंद केला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

कोडीच्या दृष्टीने यात काही बिघडलेले नव्हते. बॅक म्हणजे एक पायरी मागे आणि स्टॉप म्हणजे थांबा, या तिथे दोन स्वतंत्र क्रिया आहेत, आणि चित्रपट चालू असताना यादी चाळता यावी म्हणून त्या मुद्दाम वेगळ्या ठेवलेल्या आहेत. ज्याला ही सोय हवी असते त्याला ती फार आवडते. चूक माझीच होती. मी सारी तपासणी माझ्या पिशवीतल्या, स्टॉपचे स्वतंत्र बटण असलेल्या रिमोटने केली होती, आणि त्या घरी टीव्हीच्या रिमोटवर ते बटणच नव्हते. उपाय पाच मिनिटांचा आहे. कोडीच्या यूझरडेटा फोल्डरात कीमॅप्स नावाचा फोल्डर असतो, त्यात छोटी एक्सएमएल फाइल ठेवून पूर्ण पडद्यावर व्हिडिओ चालू असतानाच्या स्थितीत बॅकला स्टॉपचा अर्थ द्यायचा. हात लिहिण्याला सरावलेला नसेल तर कीमॅप एडिटर नावाचे ॲड-ऑन हेच काम पडद्यावरून करून देते. कुठे थांबलो ते कोडी लक्षात ठेवतेच, त्यामुळे चुकून बॅक दाबले गेले तरी काही हरवत नाही. कोणत्याही स्किनला हात न लावता एवढा एक बदल आधी करा आणि आठवडाभर पाहा.

याला जोडूनच रिमोटचा मुद्दा येतो. दोन रिमोट आले की एक गादीखाली जाणार, हे धरून चला. एचडीएमआय-सीईसी नावाच्या सोयीमुळे टीव्हीच्याच रिमोटने कोडी चालते. रास्पबेरी पायवर ती सोय तयार असते, पण टीव्हीच्या बाजूने ती बहुधा सेटिंगमध्ये दडलेली असते आणि प्रत्येक कंपनीने तिचे वेगळेच बारसे केलेले असते. सॅमसंगमध्ये ॲनीनेट प्लस, एलजीमध्ये सिम्पलिंक, सोनीमध्ये ब्राव्हिया सिंक. नाव शोधून ते चालू करा, आणि त्या एकाच रिमोटवरच्या कोणकोणत्या कळा कोडीपर्यंत पोहोचतात ते एकेक दाबून पाहून कागदावर लिहा. बाण, ओके आणि बॅक एवढ्या कळा पोहोचल्या तरी काम भागते. त्यापलीकडच्या कशावरही घरच्यांची रोजची गरज अवलंबून राहता कामा नये.

आता पडद्यावर काय ठेवायचे ते. २०१७ मध्ये १७व्या आवृत्तीपासून एस्च्युअरी ही कोडीची मूळ स्किन झाली, आणि माझ्या मते तुमच्या घरासाठी ती पुरेशी आहे. तिच्या डाव्या बाजूला चित्रपट, मालिका, संगीत, संगीत-व्हिडिओ, टीव्ही, रेडिओ, ॲड-ऑन, छायाचित्रे, व्हिडिओ, आवडीचे, हवामान अशी लांब रांग असते. यांतली जी दालने तुमच्या घरी रिकामी आहेत ती उघडल्यावर लायब्ररी रिकामी असल्याचा संदेश येतो, आणि वयस्क माणूस त्याचा अर्थ 'माझ्या हातून काहीतरी बिघडले' असाच घेतो. स्किनच्या सेटिंगमध्ये मुख्य मेनूतल्या बाबी एकेक करून बंद करता येतात. तुमच्या वर्णनावरून चित्रपट, संगीत आणि आवडीचे अशी तीन दालने राहिली तरी पुष्कळ झाली. घरगुती चित्रणांचा फोल्डर 'आवडीचे' मध्ये टाका, म्हणजे तो शोधायला फाइलींच्या यादीत शिरावे लागणार नाही. सेटिंगला बेसिक, स्टँडर्ड, ॲडव्हान्स्ड आणि एक्स्पर्ट असे चार स्तर आहेत. तुमचे काम आटोपले की स्तर बेसिकवर आणून ठेवा, आणि मास्टर लॉक लावून सेटिंगलाही कुलूप घाला. हे कुलूप आजींसाठी नाही, सुटीत येणाऱ्या भाच्यांसाठी आहे.

हे सारे मुळातच सोपे करून का देत नाहीत, असा प्रश्न पडेल. या सॉफ्टवेअरचा उगम २००२ च्या सुमारास एक्सबॉक्स या गेम खेळायच्या यंत्रावर, हौशी मंडळींच्या हातून झाला. २००४ मध्ये ते एक्सबीएमसी म्हणून स्थिरावले आणि २०१४ मध्ये त्याचे नाव कोडी झाले. ज्यांनी ते घडवले तेच ते वापरत होते, आणि प्रत्येकाची बैठक निराळी होती. मुक्त प्रकल्पात (ज्याची संहिता, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सगळ्यांसाठी खुली असते) दोन चांगल्या माणसांचे मत जुळले नाही की वाद मिटवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे सेटिंगमध्ये आणखी एक पर्याय वाढवणे. असे वीस वर्षे चालले की कोठार भरते. शिवाय तक्रार नोंदवायला जो येतो त्याला तक्रार कशी नोंदवायची हे माहीत असते. वायर काढून ठेवणाऱ्या म्हार्दोळच्या बाई तिथवर कधी पोहोचत नाहीत. म्हणून वजाबाकीचे काम बसवणाऱ्याकडे, म्हणजे तुमच्याआमच्याकडे येते. मला यात प्रकल्पाचा दोष फारसा दिसत नाही, कारण वजाबाकी करता येईल इतकी मोकळीक त्यांनीच ठेवलेली आहे. बंद पेटीत ती मिळत नाही.

शब्दांविषयी एक गोष्ट सांगायची राहिली. अर्धवट पाहिलेला चित्रपट पुन्हा लावला की दोन पर्याय समोर येतात. एका घरासाठी मी ते मराठीत करून दिले आणि पहिल्या पर्यायाला मोठ्या डौलाने 'पुन्हा सुरू करा' असे नाव दिले. घरातल्या आजोबांनी ते वाचून, पुन्हा पहिल्यापासून लागेल असे समजून, दर वेळी दुसरा पर्याय निवडला आणि चित्रपट दर वेळी पहिल्यापासून लागला. त्यांनी चार दिवस एकाच चित्रपटाचा पूर्वार्ध पाहिला आणि पाचव्या दिवशी मला फोन केला. आता मी 'थांबलो तिथून पुढे' आणि 'पहिल्यापासून' असे लिहितो. दोन्ही पर्यायांची गरजच नसेल तर व्हिडिओच्या सेटिंगमध्ये ओके दाबल्यावर काय व्हावे ते ठरवता येते. तिथे थांबल्या जागेपासून चालू करण्याचा पर्याय निवडला की तो प्रश्नच पडद्यावर येत नाही.

लायब्ररीकडे मात्र तुम्हाला सर्वाधिक वेळ द्यावा लागेल, आणि गोव्यातल्या घरांत हा भाग इतर कुठल्याही भागापेक्षा महत्त्वाचा ठरतो असे मला दिसून आले आहे. स्क्रॅपर हा फायलीचे नाव आणि साल वाचून इंटरनेटवरच्या संग्रहातून माहिती व पोस्टर आणतो. चित्रपटाच्या नावापुढे कंसात साल लिहिलेले असेल तर त्याचे काम चोख होते. पण आपल्या डिस्कवर काय असते? जत्रेतल्या नाटकाचे चित्रण, काल्याची रात्र, सप्ताहातली भजने, कुणाची मुंज, कुणाचे लग्न. यांतले काहीही कोणत्याही संग्रहात नाही. स्क्रॅपर बिचारा नावात साधर्म्य शोधतो, आणि गावच्या हौशी मंडळींच्या नाटकाला कुठल्या तरी परदेशी थरारपटाचे पोस्टर चिकटवून मोकळा होतो. यादीत आपले नाटक शोधणाऱ्या माणसाला मग पिस्तूल रोखलेला अनोळखी इसम दिसतो आणि तो पुढे जातो.

यासाठी दोन मार्ग आहेत. घरगुती चित्रणांचा फोल्डर चित्रपटांपासून पूर्ण वेगळा ठेवा आणि त्या फोल्डरचा आशय 'काहीही नाही' असा नोंदवा, म्हणजे स्क्रॅपर तिकडे फिरकणार नाही आणि फोल्डर जसेच्या तसे दिसतील. दुसरा मार्ग जास्त कष्टाचा आहे: 'लोकल इन्फर्मेशन ओन्ली' हा स्क्रॅपर निवडायचा आणि प्रत्येक चित्रणाशेजारी त्याच नावाची एनएफओ फाइल (माहिती लिहिलेली छोटी मजकुराची फाइल) व एक चित्र ठेवायचे. चाळीस-पन्नास चित्रणे असतील तर मी पहिला मार्ग सुचवेन. त्यातही फोल्डरात फोल्डर डॉट जेपीजी नावाचे चित्र ठेवले की यादीत तेच चित्र दिसते, आणि माझ्या सगळ्या उद्योगात याइतकी फळलेली युक्ती दुसरी नाही. माशेलच्या एका घरी नाटकांच्या फोल्डरला मी आजोबांचे रंगभूषेतले जुने कृष्णधवल छायाचित्र लावले. त्या घरातल्या आजींना वाचता येत नाही. त्या बाणाने थेट त्या चेहऱ्यापाशी जातात आणि ओके दाबतात. नावेही घरात बोलतात तशीच द्या. '१९९४-०२-१३ भाग २' हे तुम्हाला उपयोगी आहे, 'बाबूची मुंज' हे आजींना. क्रम राखायचा असेल तर नावाच्या आधी दोन आकडी अंक घाला, फार तर.

संगीताची तऱ्हा थोडी वेगळी आहे. इथे कोडी फायलीचे नाव न पाहता तिच्या आतले टॅग, म्हणजे गाण्याचे नाव, कलाकार अशा नोंदी वाचते. निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा झालेल्या ध्वनिमुद्रणांत केसरबाई केरकर एकदा देवनागरीत, एकदा रोमनमध्ये, एकदा 'केरकर केसरबाई' असे उलटे, एकदा 'श्रीमती' लावून लिहिलेल्या असतात, आणि लायब्ररीत चार निरनिराळ्या गायिका तयार होतात. ज्यांची भैरवी १९७७ पासून व्हॉयेजर यानावर अंतराळात फिरते आहे, त्या बाई घरच्या दिवाणखान्यात अशा चार ठिकाणी विखुरलेल्या पाहून मला दर वेळी गंमत वाटते. संगणकावर टॅग बदलण्याचे एखादे मोफत साधन घेऊन प्रत्येक कलाकाराचे एकच लेखन ठरवा. मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर, जितेंद्र अभिषेकी ही नावे तुमच्याकडे असणारच. तीही एकदा तपासून घ्या. हे काम कंटाळवाणे आहे आणि कुठलीही स्किन ते तुमच्यासाठी करणार नाही.

देवनागरी लिहिल्यावर पडद्यावर चौकोन दिसू लागले तर घाबरू नका. स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्टचा पर्याय बदलून 'एरियल बेस्ड' करा. आवृत्ती फार जुनी असेल तर जोडाक्षरे आणि ऱ्हस्व इकार विस्कटलेले दिसू शकतात, म्हणून 'विठ्ठल' आणि 'श्रीकृष्ण' अशी दोन नावे देऊन आधी तपासा आणि गरज असेल तर आवृत्ती अद्ययावत करा. ही तपासणी संगणकासमोर बसून करू नये. आजी जिथे बसतात त्या खुर्चीत, त्यांच्या नेहमीच्या उजेडात, तीन मीटरवरून वाचून पाहा.

जुन्या कॅसेटींविषयी एक बारकावा. आपल्याकडचे व्हीएचएस चित्रण पाल पद्धतीचे, सेकंदाला २५ चौकटींचे असते, आणि टीव्ही साधारणतः ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र ताजे करत, चालवला जातो. त्यामुळे पालखी पुढे सरकताना अडखळत सरकल्यासारखी दिसते. पडद्याचा रिफ्रेश रेट चित्रणानुसार बदलण्याची सेटिंग चालू केली की हालचाल सुरळीत होते, पण चित्रण सुरू होताना आणि संपताना टीव्ही क्षणभर काळा पडतो. मी ही सेटिंग चालू ठेवतो आणि 'काळे झाले तर मनात तीन मोजा' असे घरच्यांना सांगून ठेवतो. ज्या घरी काळा पडदा पाहताच कुणीतरी वायरीशी खेळायला जाते, तिथे मी ती बंद ठेवतो आणि अडखळणे सोसतो.

पावसाळ्याचेही बघून ठेवा. जूनमध्ये दिवसातून चार वेळा वीज जाते आणि पाय ४ ला बंद करण्याचे बटण नाही. चालू लिखाणाच्या मध्येच वीज गेली की मेमरी कार्डावरची लायब्ररी बिघडू शकते. माझ्या स्वतःच्या घरी दोनदा बिघडली. लिब्रेएलेकची मूळ प्रणाली केवळ वाचण्यापुरती असल्याने ती सहसा शाबूत राहते, पण तुम्ही केलेली सारी मांडणी मात्र लिहिण्याच्या जागेत असते. लिब्रेएलेकच्या सेटिंगमध्येच बॅकअपची सोय आहे. सगळे मनासारखे झाले की बॅकअप घेऊन पेनड्राइव्हवर ठेवा, आणि पायला टीव्हीसकट इन्व्हर्टरवर घ्या.

राहिला जेलिफिनचा प्रश्न. २०१८ च्या डिसेंबरात एम्बी या प्रकल्पाने आपले पुढचे काम बंद स्वरूपाचे करायचे ठरवल्यावर त्याच्या मोकळ्या संहितेतून जेलिफिन वेगळे झाले. त्याची घडण निराळी आहे: चित्रणे एका सर्व्हरवर राहतात आणि टीव्ही, फोन, संगणक हे ग्राहक म्हणून त्याच्याकडे येतात. मला त्यातली एक गोष्ट मनापासून पटते. व्यवस्था पाहण्याची जागा ब्राउझरमध्ये वेगळी आणि बघण्याची जागा टीव्हीवर वेगळी असल्यामुळे आजींच्या समोर व्यवस्थेची खोली येतच नाही; शिवाय प्रत्येकाला स्वतंत्र खाते देऊन कोणाला कोणते संग्रह दिसावेत हेही ठरवता येते. पण त्यासाठी सदैव चालू राहणारे यंत्र हवे, घरातले वायफाय भरवशाचे हवे, आणि समोरच्या उपकरणाला एखादे चित्रण जसेच्या तसे चालवता आले नाही तर सर्व्हरला ते चालू असतानाच रूपांतरित करावे लागते, ज्याची अपेक्षा पाय ४ कडून ठेवू नये. तुमच्याकडे एकच टीव्ही आणि त्याच्याच शेजारी डिस्क असेल तर कोडीच ठेवा. वरच्या मजल्यावर दुसरा पडदा असेल, किंवा घरातल्यांना फोनवरही बघायचे असेल, तर थोड्या ताकदीच्या यंत्रावर जेलिफिन लावण्यात अर्थ आहे. आणि तेव्हाही वर सांगितलेले नावांचे, चित्रांचे, टॅगांचे काम तुमच्या मागे उरतेच.

काम कोणत्या क्रमाने करायचे तेही सांगतो. आज कीमॅप आणि सीईसी, उद्या मेनूतली वजाबाकी, आणि पुढचे दोन रविवार फोल्डर व टॅग. त्यानंतर एका संध्याकाळी रिमोट आजींच्या हाती द्या, 'बाबूची मुंज लावा' इतकेच सांगा, आणि हात मागे बांधून गप्प बसा. त्यांनी दाबलेली प्रत्येक कळ लिहून काढा. जिथे त्या थबकतात ती जागा दुरुस्तीची. हे गप्प बसणे फार कठीण असते, मला अजून नीट जमत नाही.

तुमच्या टीव्हीच्या रिमोटवर स्टॉपचे स्वतंत्र बटण आहे का, आणि सीईसी चालू केल्यावर बॅकची कळ कोडीपर्यंत पोहोचते का, एवढे कळवा. काही रिमोटवर ती कळ टीव्ही स्वतःच गिळतो, आणि मग कीमॅपमधली ती ओळ दुसऱ्या कळेसाठी लिहावी लागते.